खाडा पडल्यानंतर व्यायाम पुन्हा सुरू करताना

आपल्या प्रश्नातील तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाचे आहे हे इतरांनाही कळेल. आपले वय ४४, वास्तव्य पुण्यात आणि काम दिवसभर बसून करण्याचे आहे. गेले दहा महिने आपण आठवड्यातून तीन दिवस जिम, दोन दिवस वेताळ टेकडी आणि महिन्यातून दोन रविवारी सिंहगड असा क्रम पाळला होता. दिवाळी, त्यानंतर गावी आई-वडिलांकडे मुक्काम आणि शेवटी कुटुंबासह सहल, असे मिळून पंचवीस दिवस व्यायामाचा पूर्ण खाडा पडला. परतल्यावर पहिल्याच रविवारी आपण नेहमीच्या मंडळींबरोबर अतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलात आणि उतरलात. एरवी एक तास पाच मिनिटांत होणाऱ्या चढाईला या वेळी एक तास चोवीस मिनिटे लागली. त्याने अस्वस्थ होऊन सोमवारी जिममध्ये जुन्याच वजनाने, म्हणजे ८० किलोने, स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) मारले आणि मंगळवारी घरचा जिना कठडा धरून उतरावा लागला. वजन ३.२ किलोने वाढले आहे आणि मनगटावरचे घड्याळ ऑक्सिजनक्षमतेचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते याचा, आकडा ४१ ऐवजी ३८ दाखवत आहे. दहा महिने वाया गेले का, पूर्ववत होण्यास किती काळ लागेल, पंधरा दिवस रात्रीचे जेवण बंद केले तर चालेल का आणि पाय एवढे आंबलेले असताना व्यायाम करावा की नाही, असे आपले चार प्रश्न आहेत.

मी गेली बावीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. गणपतीनंतरच्या आणि दिवाळीनंतरच्या महिन्यात माझ्याकडे येणाऱ्यांचा एक ठरावीक वर्ग आहे: ही मंडळी सुट्टीत दुखावलेली नसतात, सुट्टीची भरपाई करताना दुखावलेली असतात. आपणही त्याच वाटेवर दोन पावले टाकली आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी पंचवीस दिवसांत शरीरात काय झाले ते पाहू, कारण सगळ्याच गोष्टी सारख्या वेगाने उतरत नाहीत. सर्वांत लवकर उतरतो तो दम. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या रक्तातील द्रवभाग वाढलेला असतो, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी जास्त रक्त बाहेर फेकले जाते. व्यायाम थांबला की हा वाढलेला द्रवभाग काही दिवसांतच कमी होऊ लागतो आणि त्याच चढणीला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. अमेरिकेतील संशोधक एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सराव थांबवलेल्या सात तयार खेळाडूंची मोजमापे प्रसिद्ध केली. पहिल्या २१ दिवसांत त्यांची कमाल ऑक्सिजनक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली, ५६ दिवसांनी ती १६ टक्क्यांनी खाली जाऊन तिथे स्थिरावली. दोन वर्षांनी त्याच गटाने सराव थांबवलेल्यांच्या शिरेतून द्रव भरून पाहिला, तेव्हा सुरुवातीच्या या घसरणीचा मोठा भाग भरून निघाला. याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की पहिल्या तीन आठवड्यांत जे जाते ते बहुतांशी ‘पाणी’ असते आणि पुन्हा नियमित घाम गाळू लागल्यावर ते एक-दोन आठवड्यांत परतू लागते. शिवाय आपण त्या खेळाडूंइतके तयार नव्हतात, त्यामुळे गमावण्यासारखेही तितके नव्हते.

घड्याळाच्या आकड्याविषयी एवढेच सांगतो की ते ऑक्सिजन मोजत नाही. चालण्या-धावण्याचा वेग आणि हृदयाचे ठोके यांच्या मेळावरून ते अंदाज बांधते. पाठीवर पिशवी, पायाखाली दगडगोटे, आदल्या रात्री चार तासांची झोप आणि सोबत जुनी मंडळी पुढे गेल्याची चिडचिड, यांतले काहीही त्याला कळत नाही. महिनाभर तो आकडा पाहू नये.

ताकदीचे गणित वेगळे आहे. तीन-चार आठवड्यांच्या खाड्याने स्नायूंची ताकद फारशी उतरत नाही; जे थोडे उतरलेले वाटते त्यात हालचालीची सवय मोडण्याचा वाटा मोठा असतो. पहिल्यांदा ताकद कमावायला जेवढे महिने लागले तेवढे ती परत मिळवायला लागत नाहीत, हा अनुभव तालमीतल्या वस्तादांना फार जुना आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर केलेल्या कामात असे दिसले की भारामुळे स्नायूतंतूंत वाढलेली केंद्रके (तंतूंचे काम चालवणारे गाभे) स्नायू बारीक झाल्यावरही टिकून राहतात. माणसांत हेच कितपत घडते यावर मतभेद आहेत, पण पुन्हा कमावणे सोपे जाते हे निरीक्षण पक्के आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दहा महिने वाया गेलेले नाहीत.

खरी घसरण कशाला म्हणावे हे जाणून घ्यायचे असेल तर १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे झालेला प्रयोग पाहावा. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावरून उठू दिले नाही, तेव्हा त्यांची ऑक्सिजनक्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तर तीस वर्षांच्या वयाने केलेले नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्यापेक्षा कमी भरले. आपण गावी विहिरीपर्यंत चालत होतात, सहलीत देवळांच्या पायऱ्या चढत होतात, बाजारात फिरत होतात. व्यायाम थांबणे आणि हालचाल थांबणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता मंगळवारच्या पायांकडे वळू. आपण लिहिले आहे की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचले असावे आणि लिंबूपाण्याने ते निघून जाईल का. व्यायामात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचेच रक्तातले रूप, साधारण तासाभरात रक्तातून पूर्वपदावर येते; रविवारचे मंगळवारपर्यंत टिकत नाही. अंग आंबते ते वेगळ्या कारणाने. भाराखाली स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिची दुरुस्ती चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेदना शिखरावर जाते. गड चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो; उतरताना तोच स्नायू लांबत-लांबत शरीराला सावरतो. म्हणून चढताना धाप लागते आणि उतरल्यामुळे मांड्या आंबतात. अतकरवाडीच्या वाटेने ६०० मीटरच्या आसपास उंची उतरायची, म्हणजे प्रत्येक पावलाला हा ताण. दहा महिने नियमित गेल्यामुळे स्नायूंना त्याची सवय झाली होती; असे संरक्षण काही आठवडे टिकते आणि मग ओसरू लागते. ते ओसरत असताना आपण पूर्ण उतार केला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, वेदना वर येण्याआधी, त्याच स्नायूंवर ८० किलोचे स्क्वॉट घातले. स्क्वॉटमध्ये खाली बसण्याची क्रिया उताराचीच धाकटी बहीण आहे.

हे केवळ गैरसोयीचे नाही, कधी धोक्याचेही असते. २०११ च्या जानेवारीत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील १३ खेळाडूंना सुमारे तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या कठोर सरावांमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या सरावात त्यांच्या कमाल क्षमतेच्या निम्म्या वजनाने शंभर स्क्वॉट घड्याळ लावून करून घेतले होते. स्नायू एवढे फुटले की त्यातील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण आला. सगळे बरे झाले, पण ही मुले विशीतली, वर्षभर कसलेली होती आणि वजन निम्मेच होते, हे लक्षात घ्यावे. आपल्याला सध्या फक्त जिना जड जातो आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण दिसत नाही. मात्र लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांडी सुजून टणक झाली, किंवा तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाय आंबले म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन जिमला जाणे ही सवय तर पूर्णपणे टाळावी. गोळीने इशारा दबतो, आणि कमी पाणी प्यायलेल्या अवस्थेत यांतल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडांना त्रासदायक ठरतात.

आंबलेल्या पायांनी व्यायाम करावा का, या प्रश्नाचे उत्तर यावरून मिळते. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे रमतगमत चालावे. त्याने बरे वाटते. मांड्यांवर भार घालणारा व्यायाम मात्र जिना कठड्याविना उतरता येईपर्यंत थांबवावा. या काळात हात, खांदे, पाठ यांचा हलका व्यायाम करण्यास हरकत नाही.

पुढच्या चार आठवड्यांची मांडणी कशी असावी? अमेरिकेतील ताकदीच्या प्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये, वर सांगितल्यासारख्या घटना पाहून, सुट्टीवरून परतणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी एक साधे प्रमाण सुचवले: पहिल्या आठवड्यात व्यायाम ५० टक्क्यांनी कमी, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात १० टक्क्यांनी कमी. खेळाडूंसाठी केलेले हे प्रमाण चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला अधिकच लागू पडते, असे माझे मत आहे. आपल्या बाबतीत पहिल्या आठवड्यात स्क्वॉट ४० किलोने, चारऐवजी दोन सेट, आणि प्रत्येक सेट संपताना अजून चार-पाच सहज निघाले असते अशा टप्प्यावर थांबायचे. दुसऱ्या आठवड्यात ५५ किलो आणि तीन सेट. तिसऱ्यात ६५ किलोपर्यंत जावे, चौथ्यात ७२ च्या आसपास, आणि ८० किलो पाचव्या आठवड्यात, तेही आदल्या आठवड्याने काही तक्रार ठेवली नसेल तर. पहिल्या आठवड्यात जिममधून बाहेर पडताना ‘आज काहीच केले नाही’ असे वाटेल. ते वाटणे हेच त्या आठवड्याचे योग्य माप आहे. आपल्या ट्रेनरला हे पटले नाही तर त्यांना शांतपणे खाड्याचे दिवस सांगावेत; अनेकांना ते कोणी सांगतच नाही.

टेकडीसाठी पहिले दोन आठवडे एकच कसोटी ठेवावी: चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग कमी करावा. आधी व्यायामाला जाण्याची ठरलेली वेळ परत मिळवावी, मग अंतर, मग वेग, आणि वजन सर्वांत शेवटी, हा क्रम मी सगळ्यांनाच सांगतो. पहाटे साडेपाचला उठण्याची सवय मोडली असेल तर पहिल्या आठवड्यात टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल. त्यासाठी आधी रात्रीची झोपेची वेळ जागेवर आणावी लागते. सुट्टीत बाराला झोपणारा माणूस एका रात्रीत दहाला झोपू शकत नाही, म्हणून दर दोन दिवसांनी अर्धा तास मागे यावे. कमी झोपेवर केलेला पहिला आठवडा हा माझ्या अनुभवात दुखापतीचा दुसरा मोठा मार्ग आहे.

ज्या गोष्टीकडे कोणी पाहत नाही ती म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे, विशेषतः टाचेमागची जाड शीर आणि गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा. दम दोन आठवड्यांत परततो, ताकद तीन-चार आठवड्यांत, पण कंडरे वाढत्या भाराला त्यांच्या संथ चालीनेच जुळवून घेतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात एक फसवी अवस्था येते. माणसाला दम लागत नाही, पाय हलके वाटतात, आणि तो एकदम जुन्या वेगाने टेकडी धावत चढतो. महिन्याभराने टाच धरून माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच तिसऱ्या आठवड्यात अडकलेले असतात. यावर माझा नियम असा: व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरून टाकलेले पहिले पाऊल आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखता कामा नये. दुखले तर त्या आठवड्यात वाढ नाही. टाचा उचलून पायाच्या बोटांवर सावकाश वर जाणे आणि तीन मोजत खाली येणे, हे पायरीच्या कडेवर उभे राहून, कठडा धरून दिवसाआड पंधराचे दोन सेट पहिल्या दिवसापासून करावेत. दिसायला ते फार क्षुल्लक आहे, म्हणूनच बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडून देतात.

वजनाविषयी. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी धरल्या, तर ३.२ किलो चरबी वाढण्यासाठी पंचवीस दिवस रोज जवळपास १,००० कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या, म्हणजे नेहमीच्या जेवणावर रोज पाच-सहा बेसनाचे लाडू. अशक्य नाही, पण आपल्या वर्णनावरून तसे वाटत नाही. चकली, चिवडा, शेव यांतील मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. भात, पोळ्या आणि गोडधोडामुळे यकृत व स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. आंबलेल्या, सुजलेल्या मांड्याही थोडे पाणी धरतात. माझा अंदाज असा की चरबी एक ते दीड किलो असेल आणि उरलेले नेहमीच्या आहारावर आल्यानंतर दहा-बारा दिवसांत आपोआप उतरेल. पंधरा दिवस रात्रीचे जेवण बंद करण्याचा विचार सोडून द्यावा. दुरुस्तीला प्रथिने लागतात तेव्हाच ती तोडायची, आणि मग अकरा वाजता फराळाच्या डब्याकडे हात जायचा, असा हा बेत बहुधा संपतो. जाता जाता सांगतो, मार्गशीर्षातील गुरुवारच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि राजगिऱ्याची चिक्की खाऊन वजन उतरत नाही. श्रद्धेचा उपास श्रद्धेसाठी करावा. आपले वजन ७४ किलो आहे, वजनाचा व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे दिवसाला साधारण ९० ते ११८ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ८, असा हिशेब धरून तीन्ही जेवणांत ते वाटून घ्यावे. डब्यातून जमत नसेल तर प्रोटीन पावडरचा एक चमचा घेण्यात गैर काही नाही, पण तो सुट्टीचा उतारा नव्हे.

एक खुलासा आवश्यक आहे. हे सगळे आपल्यासारख्या निरोगी माणसाच्या खाड्याविषयी आहे. खाडा तापाने पडला असेल, विशेषतः डेंग्यू किंवा चिकुनगुन्या होऊन गेला असेल, तर डॉक्टरांनी संमती दिल्याशिवाय चढण चढू नये. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी जोर लावून मोडत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुन्हा व्यायाम सुरू करताना साखर अचानक उतरू शकते हे ध्यानात ठेवून डॉक्टरांशी मात्रेविषयी बोलावे. आणि चढताना छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, वाजवीपेक्षा जास्त धाप, यांपैकी काही जाणवले तर ‘सवय मोडली आहे’ अशी समजूत करून घेऊ नये. तिथेच थांबावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

पुढच्या सुट्टीत इतके उतरू नये यासाठी काय करता येईल, हे आपण विचारले नाही, तरी सांगतो. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत आठवड्याला सहा दिवस व्यायाम करणाऱ्यांचे दिवस दोनवर आणले, तरी जोर तोच ठेवल्यावर ऑक्सिजनक्षमता पंधरा आठवडे टिकली. जोर कमी केला तेव्हा मात्र ती उतरली. म्हणजे गावी आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे, खरोखर धाप लागेल असे काही केले तरी पुष्कळ झाले. अंगणात वीस-वीस बैठकांचे तीन फेरे आणि थोडे जोर, किंवा गावाबाहेरच्या टेकाडावर चार वेळा झपाट्याने चढणे, यांना ना जिम लागते ना बूट. बैठका विशेष सांगतो, कारण उतारासाठी मांड्यांना लागणारी सवय त्याच टिकवतात.

आता सिंहगडाचे. या रविवारी जाऊ नये. पुढच्या रविवारी वेताळ टेकडी पुरे. त्यानंतरच्या रविवारी गड चढावा, वर दही आणि पिठले-भाकरी खावी, आणि चालत न उतरता वडापच्या जीपने खाली यावे. मंडळी चेष्टा करतील, करू द्यावी. चौथ्या रविवारी चढून उतरावे, उतरताना पावले आखूड ठेवावीत आणि मध्ये दोनदा थांबावे. त्या दिवशी घड्याळ घरी ठेवावे, आणि मंगळवारी सकाळी जिना कसा उतरलात तेवढे वहीत लिहून ठेवावे. कठड्याला हात लावावा लागला नाही, तर त्यानंतरच्या खेपेस एक तास पाच मिनिटांचा प्रयत्न करण्यास माझी हरकत नाही.